अंतराएवढा आवाज

जपानी नट तात्सुया नाकादाई 8 नोव्हेंबर 2025 रोजी गेले. वय 92. त्यानंतरचे काही दिवस परदेशी सिनेमा जीव लावून पाहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींच्या गप्पांत त्यांच्याविषयी जे कानावर आलं, त्याने मी अस्वस्थ झालो. ‘कुरोसावाचा नट गेला,’ इथून सुरुवात. पाठोपाठ ‘मिफुनेनंतरचा, पण मिफुने तो मिफुनेच.’ मग जरा आवाज खाली आणून, ‘तसा नाटकी होता, नाही का? डोळे फार मोठे करायचा.’ आणि ज्याचा अभ्यास थोडा अधिक, तो शेवटी हळहळतो की ऐन बहरात शाळा काढून बसला नसता, तर आणखी कुठल्या कुठे पोचला असता.

हे बोलणारी माणसं सिनेमा मनापासून पाहणारी आहेत, म्हणूनच उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. या सगळ्या शेऱ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. नाकादाई सिनेमाचे नट होते आणि नाटक हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता, ही ती समजूत. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. ते रंगभूमीचे नट होते. कॅमेऱ्यासमोर त्यांनी जे मोठं काम केलं, ते रंगभूमीवर कमावलेल्या गोष्टी सोबत नेऊन केलं, आणि तीच त्यांची खरी थोरवी आहे.

आधी ‘नाटकी’ या शब्दाकडे वळतो, कारण तो मला सर्वांत जास्त बोचतो.

1962 साली मासाकी कोबायाशींचा ‘सेप्पुकू’ आला. आपल्याकडे तो बहुधा ‘हाराकिरी’ म्हणून माहीत आहे. काळ 1630 चा. एदोमधल्या ई घराण्याच्या वाड्यावर त्सुगुमो हान्शिरो नावाचा, धनी गमावलेला सामुराई येतो आणि इथल्या अंगणात पोट फाडून मरायची परवानगी मागतो. त्याच्याआधी असाच एक तरुण आला होता. चार पैसे हातावर ठेवून आपली बोळवण करतील, या आशेने आला होता. वाड्यातल्या लोकांनी त्याला खरोखरच मरायला लावलं, तेही त्याच्याजवळच्या बांबूच्या तलवारीने. घर चालवण्यासाठी त्याने खरी पाती कधीच विकून टाकली होती. तो तरुण हान्शिरोचा जावई. हे हळूहळू उलगडतं आणि उलगडणारा हान्शिरोच असतो. दोन तासांहून थोड्या मोठ्या या चित्रपटाचा बराचसा भाग म्हणजे पांढऱ्या बैठकीवर मांडी घालून बसलेला, बोलणारा एक माणूस. समोर ओसरीवर वाड्याचा कारभारी, भोवती शस्त्रधारी शिपाई.

कारभाऱ्याच्या भूमिकेत रेन्तारो मिकुनी होते. पडद्यावर मुरलेले, नाकादाईंपेक्षा जवळपास दहा वर्षांनी मोठे. चित्रीकरण चालू असताना त्यांनी हरकत घेतली. तुझा आवाज नाटकातला आहे, इथे मायक्रोफोन आहे, एवढं मोठ्याने बोलायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. नाकादाई हटले नाहीत. आपण दोघं अंगणाच्या दोन टोकांना बसलोय, मधलं अंतर आवाजात उतरलंच पाहिजे, असं ते म्हणत राहिले. कोबायाशींनी काम थांबवलं आणि तुम्ही दोघं बोलून घ्या, मग पुढे जाऊ, असं सांगितलं. ही हकिकत नाकादाईंनी पुढे स्वतः सांगितलेली आहे.

हा वाद दोन नटांच्या मानापमानाचा नव्हता. मिकुनींची भूमिका आज आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. कॅमेरा जवळ आहे, मायक्रोफोन त्याहून जवळ आहे, तेव्हा कुजबुजा, पापणी हलवा, पुरे. पण मायक्रोफोन तोंडाशी आणला म्हणून समोरचा माणूस जवळ येत नाही. ओसरीवरचा कारभारी आणि अंगणातला भणंग यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, ती सत्तेची जागा आहे. सगळा चित्रपट त्या जागेविषयी आहे. हान्शिरो कारभाऱ्याशी बोलतोय असं वाटतं, पण त्याला ऐकवायचं असतं जमलेल्या सगळ्यांना आणि आतल्या दालनात पूजेसारख्या मांडून ठेवलेल्या पूर्वजांच्या रिकाम्या चिलखताला. त्याने घशातल्या घशात बोलून कसं चालेल? पुन्हा ऐका तो आवाज. सुरुवातीला खोल, संथ, आडावरून बादली सोडावी तसा. जुनी कथा सांगत असल्यासारखा. मग जावयाच्या मरणाशी आल्यावर त्याला किंचित खरखर येते. आणि वाड्यातल्या तिघा नामांकितांच्या कापून आणलेल्या शेंड्या तो अंगणात टाकतो, तेव्हा आवाज चढत नाही, मोकळा होतो. हे सगळं माप रंगभूमीवर शिकलेल्या माणसाच्याच गळ्यात असू शकतं. आपण मराठीत ज्याला शब्दफेक म्हणतो आणि नाटकाच्या मध्यंतरात जिचं कौतुक करतो, तीच पडद्यावर दिसली की दोष कशी ठरते?

नाकादाई तेव्हा 29 वर्षांचे होते. वाढलेली मुलगी, जावई आणि तान्हं नातवंड गमावलेल्या माणसाचं काम ते करत होते. चेहऱ्यावरच्या रंगाने वय थोडंफार वाढतं. बाकीचं सगळं त्या आवाजाने आणि पाठीच्या ताठपणाने केलंय.

आता ज्यांना अजूनही ते नाटकी वाटतात, त्यांनी मिकिओ नारुसेंचा 1960 चा चित्रपट पाहावा. जिना चढून रोज रात्री बारमध्ये कामाला जाणाऱ्या विधवेची ती गोष्ट. हिदेको ताकामिने मुख्य भूमिकेत आणि नाकादाई तिच्या बारचे व्यवस्थापक. हा माणूस तिच्यावर प्रेम करतो आणि चित्रपटभर ते बोलत नाही. हिशेब बघतो, सिगारेट पेटवतो, दार उघडून बाजूला उभा राहतो. शेवटी एकदा बांध फुटतो, तोही ओशाळवाणा. त्यात फेकलेला एक शब्द नाही, मोठा केलेला एक डोळा नाही. कारण तिथे अंगण नाही. अरुंद खोली आहे, दोन माणसांत हातभर अंतर आहे, आणि आवाज हातभराएवढाच आहे.

किंवा 1966 चा, हिरोशी तेशिगाहारांनी कोबो आबेंच्या कादंबरीवरून केलेला, भाजून विद्रूप झालेल्या माणसाला दुसऱ्याचा चेहरा चढवण्याचा चित्रपट घ्या. त्यात बराच वेळ नाकादाईंचं संपूर्ण डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं आहे. ज्या डोळ्यांवर सगळा आरोप, तेही पट्ट्यांच्या फटीत. उरतो आवाज आणि खांदे. तेवढ्यावर त्या माणसाचा बायकोवरचा संशय, त्याची कीव यावी अशी चिडचिड, सगळं पोचतं. केवळ डोळे वटारणाऱ्या नटाला हे साधलं असतं का, हे ज्याने त्याने स्वतःशी ठरवावं.

एक गोष्ट कबूल करतो. प्रत्येक भूमिकेत माप अचूक होतं असं नाही. 1968 मध्ये ते इटलीत जाऊन एका वेस्टर्नमध्ये खलनायक झाले. तिथे संवाद डबिंगचे, दिग्दर्शकाची पकड ढिली, आणि खरोखर डोळेच तेवढे बोलत राहतात. पण एका चुकलेल्या मापावरून शिंप्याला कापड कळत नाही असं आपण म्हणत नाही.

मिफुनेंशी तुलनेचं सांगायचं, तर तोशिरो मिफुने माझेही लाडके आहेत आणि त्यांना छोटं करून नाकादाईंना मोठं करायची मला गरज नाही. दोघांची जातकुळीच निराळी. मिफुने युद्धानंतर तोहो कंपनीच्या नव्या चेहऱ्यांच्या चाचणीतून थेट कॅमेऱ्यापुढे आले. नाकादाई 1952 साली हाइयुझा या नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षण शाळेत गेले. त्याआधी वडील लहानपणीच गेलेले, घरात हलाखी, रात्रशाळेत शिकणं, मिळेल ते काम करणं. हाइयुझा ही 1944 मध्ये उभी राहिलेली संस्था. तिचे एक संस्थापक कोरेया सेन्दा बर्लिनमध्ये राहून आलेले, ब्रेश्टला जपानीत आणणारे. तिथे इब्सेन, शेक्सपियर, गॉर्की यांच्यावर नट घडवले जात. पुढे 1964 मध्ये सेन्दांच्याच दिग्दर्शनात नाकादाईंनी हॅम्लेट केला. ओथेल्लो आणि तिसरा रिचर्डही त्यांनी रंगभूमीवर उभे केले. हे नुसते आकडे भरायला सांगत नाही. कुरोसावांच्या ‘योजिम्बो’ आणि ‘सान्जुरो’ एवढ्यावरच ज्यांचं नाकादाई-दर्शन थांबतं, त्यांना हा माणूस उरलेल्या महिन्यांत काय करत होता याची कल्पना नसते.

कुरोसावांशी त्यांची पहिली गाठ अपमानाची होती. 1954 च्या ‘सेव्हन सामुराई’त रस्त्यावरून चालत जाणारा एक सामुराई काही क्षण दिसतो, तो नाकादाई. त्या चालण्यावर कुरोसावा खूश होईनात. सकाळी सुरू झालेलं ते चालणं दुपार उलटेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतलं. एवढ्या जणांसमोर, नाट्यशाळेत शिकणाऱ्या मुलाला साधं चालताही येत नाही, असं ऐकून घ्यावं लागलं. पुढे ‘योजिम्बो’साठी बोलावणं आलं तेव्हा नाकादाईंनी आधी नकार दिला. तो दिवस त्यांच्या मनात सलत होता. कुरोसावांना तो दिवस आठवत होता, आणि आठवत होता म्हणूनच ते त्यांना घ्यायला निघाले होते. ‘योजिम्बो’त मग मिफुने लांडगा आणि नाकादाई साप. गळ्यात मफलर, किमोनोत पिस्तूल. तो साप मिफुनेंचा दुय्यम नाही. लांडगा एकटा असता तर ती गोष्ट चाललीच नसती.

आणि ज्यांना नाकादाई मिफुनेंच्या सावलीत दिसतात, त्यांनी एकदा सालं मांडून पाहावीत. 1959 ते 1961 या काळात ते कोबायाशींच्या ‘निंगेन नो जोकेन’ या महाचित्रात काजी झाले. जुनपेइ गोमिकावांच्या कादंबरीवरचं हे तीन चित्रपटांत, सहा भागांत पसरलेलं, साडेनऊ तासांहून मोठं काम. मांचुरियातल्या खाणीत जपान्यांनी कामाला जुंपलेल्या चिनी कैद्यांना माणसासारखं वागवू पाहणारा काजी पुढे स्वतः सैनिक होतो, मग पळपुटा, मग कैदी, आणि शेवटी बर्फात कोसळतो. अंगावर बर्फ साचत जातं आणि पडलेला माणूस जमिनीसारखा दिसू लागतो. त्यासाठी नाकादाई खरोखर बर्फाखाली पडून राहिले होते. जपानच्या युद्धगुन्ह्यांकडे इतकं सरळ पाहणारी कलाकृती त्या दशकात फारशी नव्हती, आणि तिचा भार एका पंचविशीतल्या नटाच्या खांद्यावर होता. त्या चित्रपटांत मिफुने कुठेच नाहीत. याच सुमारास नारुसेंचा तो अबोल व्यवस्थापक, ‘योजिम्बो’चा साप, ‘सान्जुरो’तला हानबेइ, मग हान्शिरो, आणि लगेच 1963 च्या अपहरणाच्या चित्रपटात सुटाबुटातला, शांतपणे तपास करणारा पोलीस अधिकारी. चारेक वर्षांत ही सगळी माणसं एका शरीरातून गेली. ज्याला सावली म्हणायचं, त्याच्यातून एवढी वेगवेगळी माणसं निघत नाहीत.

हे जमलं कसं, याचं एक अगदी व्यावहारिक कारण आहे आणि ते क्वचितच सांगितलं जातं. 1953 पासून जपानमधल्या पाच मोठ्या स्टुडिओंनी आपसांत करार केला होता. एकाने करारात बांधलेला नट दुसऱ्याने पळवायचा नाही. नट म्हणजे कंपनीची मालमत्ता. नाकादाईंनी कुठल्याच स्टुडिओचा असा करार पत्करला नाही, कारण त्यांना वर्षातला निम्मा वेळ नाटकासाठी मोकळा हवा होता. पैशाच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. पण त्यामुळे ते तोहोत कुरोसावा आणि नारुसे यांच्याकडे, शोचिकूत कोबायाशींकडे, दाइएइत कोन इचिकावांकडे जाऊ शकले. इचिकावांच्या 1958 च्या ‘एन्जो’त त्यांनी केलेला लंगडा, विखारी तोकारी पाहा. स्टुडिओचा देखणा नायक म्हणून विकल्या गेलेल्या नटाला ती भूमिका कुणी देऊच केली नसती. म्हणजे ज्या नाटकाने त्यांचा सिनेमा बिघडवला असं म्हणतात, त्याच नाटकासाठी राखलेल्या स्वातंत्र्याने त्यांचा सिनेमा घडवला.

‘मिफुनेंची जागा रिकामी झाली म्हणून यांची वर्णी लागली,’ असं ‘कागेमुशा’विषयी बोललं जातं. तेही खरं नाही. 1980 च्या त्या चित्रपटात आधी शिन्तारो कात्सू होते. चित्रीकरणाला आरंभ होता होता त्यांचं कुरोसावांशी बिनसलं आणि ते गेले. आयत्या वेळी नाकादाई आले, आणि त्या चित्रपटाने कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं.

‘रान’विषयी मात्र थांबून बोलायला हवं, कारण नाटकीपणाच्या आरोपाचा खरा पुरावा म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात. 1985 चा चित्रपट, किंग लिअरची कथा जपानी सरदार घराण्यात रुजवलेली. नाकादाई तेव्हा पन्नाशी नुकती ओलांडलेले, आणि भूमिका सत्तरीच्या हिदेतोराची. रोज काही तास रंगभूषेत जात. तो चेहरा मुद्दामच नो नाट्यातल्या मुखवट्यासारखा घडवलेला आहे. कुरोसावांना तेच हवं होतं. हिदेतोरा आधी जुलमी आहे, मग वेडा. वेड लागल्यावर त्याचा चेहरा गोठतो आणि फक्त अंग हलतं. जळत्या किल्ल्याच्या पायऱ्यांवरून तो उतरतो, तो प्रसंग आठवा. फुजीच्या उतारावर बांधलेला किल्ला खरोखर पेटवलेला. दुसरा टेक शक्य नव्हता. दोन्ही बाजूंचे सैनिक मागे सरतात, म्हातारा धुरातून खाली येतो, आणि डोळ्यांत काहीच नसतं. मोठ्या डोळ्यांची तक्रार करणाऱ्यांनी नेमकं हेच पाहिलेलं नाही. एवढे मोठे डोळे, आणि ते रिकामे. नो नाट्यात पाऊल कसं टाकायचं हे वर्षानुवर्षं शिकवलं जातं. ‘सेव्हन सामुराई’च्या रस्त्यावर ज्याला चालता येत नव्हतं, त्याला तीसेक वर्षांनी कुरोसावांनी आपल्या सगळ्यांत मोठ्या प्रसंगात काम दिलं, ते फक्त चालण्याचं.

मराठी प्रेक्षकाला हे उमगायला कठीण जाऊ नये. ‘नटसम्राट’मध्ये लिअरच्या दुःखाचा अंश आपण ओळखला आहे. 1970 साली डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर म्हणून उभे राहिले तेव्हा ते 43 वर्षांचे होते. त्या म्हाताऱ्याचा आवाज मोठा आहे अशी तक्रार कुणी केली नाही, कारण तो आवाज एका आयुष्याएवढा मोठा असायला हवा होता. मग तोच न्याय हिदेतोराला का नको?

राहिली शाळा. 1975 मध्ये नाकादाई आणि त्यांच्या पत्नी यासुको मियाझाकी यांनी ‘मुमेइजुकू’ सुरू केली, टोकियोतल्या आपल्या घरी. मुमेइ म्हणजे नाव नसलेला. नवखी मुलं तर बिननावाचीच येणार, पण नाव झालेल्यानेही इथे येऊन पुन्हा बिननावाचं व्हावं, असा त्यामागचा विचार. फी नाही. यासुको स्वतः हाइयुझाच्या अभिनेत्री. र्यू तोमोए या नावाने त्या लिहायच्या आणि दिग्दर्शन करायच्या. मुमेइजुकूच्या घडणीत त्यांचा वाटा नवऱ्याइतकाच मोठा आहे, आणि नाकादाईंवर लिहिताना त्यांचं नाव गाळलं जातं ही मला फार मोठी चूक वाटते. 1996 मध्ये त्या गेल्या. शाळा थांबली नाही.

‘ऐन बहरात शाळा काढून बसले’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की 2023 मध्ये कानला सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले कोजी याकुशो कुठून आले? ते टोकियोत एका प्रभागाच्या सरकारी कचेरीत नोकरी करत होते आणि तिथून मुमेइजुकूत आले. याकुशो म्हणजे कचेरी. हे नाव नाकादाईंनीच दिलेलं. विम वेंडर्सच्या ‘परफेक्ट डेज’मध्ये शौचालयं स्वच्छ करणारा जो जवळजवळ मुका माणूस आपल्याला हलवून गेला, त्याच्या मौनाची तालीम ‘नाटकी’ नटाच्या घरात झालेली आहे. आणि शाळेमुळे सिनेमा थांबला हेही खोटं. ‘कागेमुशा’ आणि ‘रान’ दोन्ही शाळा निघाल्यानंतरचे. वयाच्या 77 व्या वर्षी 2010 मध्ये आलेल्या ‘हारुतोनो ताबी’त नातीबरोबर गावोगाव नातेवाइकांची दारं ठोठावणारा हट्टी म्हातारा त्यांनी केला. तो ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी माझं पुढचं वाचायच्या आधी तो पाहिला तरी चालेल.

मुमेइजुकूचं दुसरं घर नोतो द्वीपकल्पावर आहे. इशिकावा प्रांतातल्या नाकाजिमा या छोट्या गावी (आता ते नानाओ शहराचा भाग) ही मंडळी 1980 च्या दशकापासून सरावाच्या शिबिराला जायची. गावकऱ्यांशी जिव्हाळा जडला आणि 1995 मध्ये तिथे नोतो एन्गेकिदो हे नाट्यगृह उभं राहिलं. त्याच्या रंगमंचाची मागची भिंत उघडते आणि पलीकडची खरी टेकडी, खरी झाडं नाटकात येतात. त्या दारातून ‘मॅक्बेथ’चं रान चालत आलेलं आहे. एका नटाच्या ओढीने खेड्यात एवढं मोठं नाट्यगृह उभं राहावं, हे कुठल्या ‘दुय्यम’ माणसाच्या आयुष्यात घडतं?

1 जानेवारी 2024 ला नोतोला भूकंप झाला. नाट्यगृहाचंही नुकसान झालं, ते बंद पडलं. 2025 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पुन्हा उघडलं तेव्हा तिथे ब्रेश्टचं ‘मदर करेज’ झालं. मुख्य भूमिका, म्हणजे युद्धाच्या मागे गाडा ओढत धंदा करणाऱ्या आणि एकेक करून आपली मुलं गमावणाऱ्या आईची, 92 वर्षांच्या नाकादाईंनी केली. ती भूमिका त्यांनी पूर्वीही केली होती. सेन्दांच्या शाळेत ब्रेश्टशी ओळख झालेला माणूस सत्तरएक वर्षांनी तिथेच पोचला.

लहानपणी टोकियोवर बॉम्ब पडत असताना एका छोट्या मुलीचा हात धरून आपण पळालो, आणि थांबून पाहिलं तर हातात फक्त तिचा हात उरला होता, असं नाकादाईंनी मुलाखतींमधून सांगितलेलं आहे. त्या नाटकाच्या शेवटी आईजवळ एकही मूल उरत नाही. सैन्य पुढे निघालेलं असतं. ती रिकाम्या गाड्याचा पट्टा स्वतःच्या अंगावर घेते आणि ओढू लागते. नोतोच्या त्या रंगमंचावर तो पट्टा नाकादाईंनी अंगावर घेतला. नोव्हेंबर यायला अजून पाच महिने होते.